निळी बाटली आणि बाबांचा तळवा

बाबांच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, एक जखम होती. आधी तिथे घट्टा पडला, मग तो फुटला. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी तीन आठवडे कुणाला सांगितलंच नाही. त्यांच्या मधुमेहाला चौदा वर्षं झाली आहेत. मी पुण्याहून साताऱ्याला घरी गेले तेव्हा ते मोजे घालून बसले होते. तेही ऐन एप्रिलमध्ये. त्यावरूनच मला शंका आली.

माझ्या बॅगेत चेहऱ्याला लावायचं सिरम होतं. निळसर, छोट्या बाटलीतलं, कॉपर पेप्टाइडवालं. आईनं बाटली हातात घेऊन विचारलं, "कॉपर म्हणजे तांबंच ना? मग चांगलंच असणार." आमच्याकडे रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात, त्यामुळे तांब्याबद्दल आमच्या घरात कुणी शंका घेत नाही. मी फोनवर शोधलं. जखमा, मधुमेह, कॉपर पेप्टाइड हे तिन्ही शब्द एकाच ठिकाणी असलेले शोधनिबंध खरोखर सापडले. मी फक्त सारांश वाचले आणि चार रात्री ते सिरम बाबांच्या जखमेवर लावलं.

पाचव्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर टेकवत गेल्या. "काका, लागलं की सांगा." बाबा काहीच बोलले नाहीत. धागा पाच-सहा ठिकाणी टेकला, तरी ते वाट बघत बसलेले. मग डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "हे काय लावलंय?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उघड्या जखमेवर चेहऱ्याचं काही लावायचं नाही. आणि ही जखम भरत नाहीये, कारण काका रोज तिच्यावरून चालताहेत. आधी ते थांबवू."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. चुकीचा फिक्स टाकला की मागे जाऊन सगळे बदल क्रमानं वाचायचे, ही आमच्या कामातली सवय. तशी मी त्या बाटलीची हिस्टरी वाचायला घेतली.

ती सुरू होते मेंढ्यांपासून.

1930च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात काही भागांतली कोकरं जन्मतःच लुळी पडायची, मागच्या पायांवर उभी राहू शकायची नाहीत. हॅरल्ड बेनेट्स या पशुवैद्यानं 1937 साली कारण दाखवून दिलं: तिथल्या कुरणांमध्ये तांबं कमी होतं. गाभण मेंढ्यांना तांबं दिलं की कोकरं धड जन्मायची. त्याच ऑस्ट्रेलियात आणखी एक गोष्ट मेंढपाळांना ठाऊक झाली. तांबं कमी पडलं की लोकरीचे कुरळे वळसे जातात, लोकर तारेसारखी होते आणि तुटते.

आता थोडं पुढे जाऊ. 1962 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन मेंकेस या डॉक्टरांनी एका कुटुंबातल्या बाळांचा आजार नोंदवला. फक्त मुलगेच आजारी पडायचे, मेंदूची वाढ खुंटायची, आणि त्यांचे केस विचित्र, पिळलेले, ठिसूळ असायचे. कारण कळत नव्हतं. दहा वर्षांनी, 1972 साली, मेलबर्नच्या बालरुग्णालयातले डेव्हिड डँक्स असेच केस बघत होते. ते ऑस्ट्रेलियन होते, त्यामुळे त्यांना मेंढ्यांची ती लोकर आठवली. त्यांनी बाळांच्या रक्तातलं तांबं मोजलं. ते फारच कमी निघालं. ही बाळं अन्नातलं तांबं नीट शोषूच शकत नव्हती. पुढे 1993 साली त्यामागचं जनुकही सापडलं.

इथे मी थांबले होते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना जे दिसलं नाही, ते मेलबर्नच्या डॉक्टरांना दिसलं, कारण त्यांच्या देशात मेंढ्या होत्या.

या बाळांच्या रक्तवाहिन्याही दुबळ्या असतात. त्याचं उत्तर कोंबड्यांच्या पिल्लांनी दिलं. 1961च्या सुमारास अमेरिकेत मिसूरीमध्ये बॉइड ओडेल यांच्या गटानं दाखवलं की तांब्याविना वाढवलेल्या पिल्लांच्या महारोहिणीतलं इलॅस्टिन नीट बनत नाही. हृदयातून निघणारी ही मुख्य रक्तवाहिनी मग फुटते. 1968 साली शेल्डन पिनेल आणि जॉर्ज मार्टिन यांनी त्यामागचं एन्झाइम पकडलं. आज त्याला लायसिल ऑक्सिडेज म्हणतात. कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे नुसते एकमेकांशेजारी पडून उपयोग नसतो. ते आडव्या टाक्यांनी शिवावे लागतात. ते टाके घालायची तयारी हे एन्झाइम करतं, आणि तांब्याशिवाय ते चालत नाही. याच पिनेल यांनी पुढे त्वचेवर लावायच्या व्हिटॅमिन सीवर काम केलं. तुमच्या कपाटात व्हिटॅमिन सीचं सिरम असेल, तर त्याच्या इतिहासातही हा माणूस आहे.

इथपर्यंतची गोष्ट पक्की आहे. त्वचा, हाड, रक्तवाहिनी, जखमेवरची नवी कातडी, सगळ्यांना तांबं लागतं. पण शरीराला ते अगदी थोडं लागतं आणि रोजच्या जेवणातून बहुतेकांना मिळतं. बाबांना तांब्याची कमतरता नव्हती.

बाटलीतला दुसरा शब्द पेप्टाइड. त्याची गोष्ट यकृतापासून सुरू होते.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लॉरेन पिकार्ट हा संशोधक रक्त आणि वय यांचा संबंध शोधत होता. वयस्कर माणसांच्या यकृताच्या पेशी तरुण माणसांच्या रक्तद्रवात ठेवल्या, तर त्या जरा तरुण पेशींसारख्या वागतात, असं त्याला दिसलं. मग रक्तद्रवात असं काय आहे? 1973 साली त्यानं आणि मायकेल थेलर यांनी उत्तर छापलं: फक्त तीन अमिनो आम्लांचा एक तुकडा. ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन. जीएचके. त्या निबंधाच्या शीर्षकातच दोन गोष्टी होत्या. हा तुकडा यकृताच्या निरोगी पेशींचं आयुष्य वाढवतो, आणि यकृताच्या गाठीतल्या पेशींची वाढही चेतवतो. दुसरी गोष्ट बाटल्यांवर कधी छापलेली मी पाहिली नाही.

1980 साली पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये सुचवलं की हा तुकडा तांब्याला धरतो आणि कदाचित पेशीत पोचवतो. बाटलीचा निळा रंग तिथूनच येतो. तो मोरचुदाच्या घराण्यातला, तांब्याच्या आयनाचा रंग.

मला सगळ्यात आवडलेला भाग 1988चा आहे. फ्रान्समधल्या राँस शहरात फ्रान्स्वा माकार यांच्या गटानं काचेच्या भांड्यात वाढवलेल्या त्वचेच्या पेशींना हे तांब्याचं पेप्टाइड दिलं. अगदी नगण्य मात्रेत दिलं, तरी पेशी जास्त कोलॅजेन बनवू लागल्या. आणि त्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली: ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन हा क्रम कोलॅजेनच्या एका साखळीत आधीपासूनच आहे. म्हणजे जखम झाली, कोलॅजेन तुटलं, की हा तुकडा तिथेच सुटा होत असावा आणि शेजारच्या पेशींना सांगत असावा की इथे काम निघालंय. पडलेल्या भिंतीच्या विटेवरच गवंड्याचा नंबर लिहिलेला असावा, तसं. ही कल्पना इतकी देखणी आहे की ती खरी असावी असं वाटत राहतं. त्या चार रात्री मलाही तसंच वाटत होतं.

भांड्यातल्या पेशींपासून माणसाच्या पायापर्यंतचा रस्ता मात्र लांब असतो. पिकार्टनं 1985 साली अमेरिकेत एक कंपनी काढली, जखमांसाठी जेल बनवलं. मधुमेही रुग्णांच्या पायांवर चाचण्या झाल्या. 1994 साली त्यांतल्या एका चाचणीचे आशादायक निष्कर्ष छापून आले. मी फोनवर ज्याचा सारांश वाचला, तो हाच निबंध. पण पायाच्या जखमेवरचं औषध म्हणून या पेप्टाइडला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. हे काम अशक्य होतं, असंही नाही. मधुमेही पायाच्या जखमेसाठी बेकाप्लर्मिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनाच्या जेलला 1997 साली तिथे मान्यता मिळाली.

कॉपर पेप्टाइड मग दुसऱ्या दारानं बाहेर पडलं. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं असेल, तर ते काम करतं हे अमेरिकेत सरकारला आधी सिद्ध करून दाखवावं लागत नाही. चेहऱ्याच्या क्रीमच्या काही लहान चाचण्या झाल्या, लेबलवर 'कॉपर ट्रायपेप्टाइड-1' आलं आणि 'रिपेअर' हा शब्द आला. जखमेच्या संशोधनातला शब्द सुरकुत्यांच्या बाटलीवर गेला. आणि मी तो परत जखमेवर नेऊन लावला.

डॉक्टरबाई जे म्हणाल्या, त्यालाही इतिहास आहे, आणि तो आपल्याकडचा आहे. 1946 साली पॉल ब्रँड हे शल्यविशारद तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्या काळी समज असा की कुष्ठरोग्याचं मांसच सडकं असतं, म्हणून त्याच्या जखमा भरत नाहीत. ब्रँड यांनी बारकाईनं पाहिलं. मांस चांगलं होतं. हरवली होती ती वेदना. पायाला कळत नाही म्हणून माणूस जखमेवरूनच चालत राहतो, आणि रोज ती नव्यानं उघडते. त्या पायाला प्लास्टर घालून जखमेवरचा भार काढला, की तीच जखम भरायची. 1966 साली ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला गेले आणि हीच समज पुढे मधुमेही पायांच्या उपचारात रुजली.

बाबांनाही नेमकं तेच झालं होतं. शेजारचं कोलॅजेन रोज तुटत होतं, निरोप रोज जात असतील, गवंडी रोज येत असतील. आणि बाबा सकाळी उठून दूध आणायला त्याच भिंतीवरून चालत जात होते.

डॉक्टरबाईंनी मेलेली कातडी काढली, रक्तपुरवठा तपासला, अँटिबायोटिक दिलं, इन्सुलिन सुरू केलं आणि पावलाला भार पडणार नाही असा बूट दिला. बाबांना तो बूट लाजिरवाणा वाटायचा. "अगं, लोक विचारतात," म्हणायचे. आईनं दूध आणायचं काम स्वतःकडे घेतलं. अकरा आठवड्यांनी जखम मिटली.

बाटली माझ्याकडे अजून आहे. आठवण झाली की चेहऱ्याला लावते. फरक पडतो का, मला सांगता येणार नाही. बाबा आता रोज रात्री जेवण झालं की आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. दोन्ही पाय, बहुतेकदा थोडे हललेले. मी झूम करून बघते आणि 'ठीक' लिहिते.