मतदारसंघांच्या सीमा आणि आपली उपनगरे



निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उमेदवार, पक्ष आणि त्यांच्या निशाण्या उभ्या राहतात. परंतु मतदानाच्या कितीतरी आधी मतदारसंघाची सीमा आखली जाते, आणि आपल्या मताला किती वजन येणार हे बऱ्याच अंशी तेथेच ठरते. आपल्या उपनगरांचा इतिहास याची साक्ष देतो.

इंग्रजी अमदानीत १९०९ च्या कायद्याने मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. स्वतंत्र भारताच्या घटनेने ती पद्धत मोडून कलम ३२५ अन्वये सर्वधर्मीयांची एकच मतदारयादी केली. त्याच घटनेच्या कलम १७० ने असाही दंडक घातला की, राज्यातील प्रत्येक मतदारसंघात एका आमदारामागे लोकसंख्या शक्य तेवढी सारखी असावी. यादी एक आणि मताचे वजन मात्र वेगवेगळे, असे होऊ नये हा त्यामागील हेतू.

१९७१ च्या जनगणनेत मुंबई शहराची वस्ती सुमारे ३१ लाख, तर उपनगरांची २९ लाख होती. त्या आधारे झालेल्या आखणीत दोहोंना विधानसभेच्या प्रत्येकी १७ जागा मिळाल्या. वाटणी न्याय्य होती. मात्र १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही आखणी गोठवली. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत, हा उद्देश. पण त्यापायी राज्यांतर्गत सीमाही जागच्या जागी राहिल्या.

माणसे मात्र थांबली नाहीत. डोंगरी, मदनपुरा, गिरगाव, परळ येथील दाटीतून कुटुंबे कुर्ला, जोगेश्वरी, मालाड, बोरिवली, मुलुंडकडे सरकली. गावाकडून येणारेही तेथेच स्थिरावले. २००१ साली शहरात ३३.३८ लाख आणि उपनगरांत ८६.४० लाख लोक होते. आता आपणच भागाकार करून पाहा. शहरात एका आमदारामागे १.९६ लाख माणसे, उपनगरांत ५.०८ लाख! अंधेरी-घाटकोपरकरांचा आवाज निम्म्याहूनही कमी झाला होता. १९७८ ते २००४ अशा सात निवडणुका याच आखणीवर झाल्या. सत्तेवर पक्ष बदलले, पण ही गाठ सोडवणे राज्याच्या विधिमंडळाच्या हाती नव्हते. तो अधिकार संसदेचा.

संसदेने २००१ आणि २००३ च्या घटनादुरुस्त्यांनी राज्यांतर्गत फेरआखणीस वाट दिली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाची आखणी २००९ च्या विधानसभा निवडणुकीत लागू झाली. महाराष्ट्राच्या जागा २८८ च राहिल्या, पण मुंबई शहराला १० आणि उपनगरांना २६ आल्या. दहिसर, मागाठाणे, दिंडोशी, चांदिवली ही नवी नावे तेव्हाची. दर आमदारामागे दोन्हीकडे सुमारे ३.३ लाख लोक आले.

या आयोगासोबत खासदार-आमदार बसत, परंतु त्यांना मताधिकार नव्हता. महापालिकेच्या प्रभागसंख्येचे तसे नाही. ती राज्याच्या कायद्याने ठरते. म्हणूनच २०२१-२२ मध्ये मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि सरकार बदलताच पुन्हा २२७ वर आले. आखणीचा अधिकार कोणाकडे असावा, याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा.

आयोग आपला मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. पुढील आखणी होईल तेव्हा तो मसुदा वाचणारा, नकाशा समजणारा आणि मुदतीत लेखी हरकत देणारा एक तरी तरुण आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असावा. शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे.