बीज, परागकण आणि इतिहास : वर्धा परिसराच्या प्राचीन निसर्गाचा शोध

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांत वनस्पतींच्या नाशासंबंधी जो नियम आहे, त्याच्या विवरणात बीजांचे पाच प्रकार सांगितले आहेत : मूलबीज, खन्धबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. हळद व आले मुळापासून उगवतात. पिंपळ व वड खोडापासून. ऊस व वेळू पेरापासून. काही सुगंधी वनस्पती शेंड्यापासून. आणि धान्ये व कडधान्ये प्रत्यक्ष बियांपासून. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तातही हीच पंचविध गणना येते. त्याचप्रमाणे सालि, वीहि, यव, गोधूम, कंगु, वरक आणि कुद्रूसक अशी सात धान्यांची यादी पालि वाङ्मयात आढळते. या यादीवरून ‘प्राचीन भारतातील लोक काय पिकवीत व काय खात’ याची चित्रे आजवर अनेकांनी रंगविली आहेत.

परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ही यादी प्रामुख्याने गंगेच्या खोऱ्यातील जीवनावर आधारलेली आहे. वर्धा, धाम आणि वणा या नद्यांच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी जो शेतकरी नांगर धरीत होता, त्याच्या शेताची साक्ष ती कशी देणार? वर्धा परिसराच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ज्या ज्वारीची भाकरी भाजली गेली, त्या ज्वारीचे स्वतंत्र नाव या सात धान्यांत नाही. वरक आणि कुद्रूसक यांच्या अर्थांविषयी तर पंडितांतच मतभेद आहेत. ग्रंथ आम्हांस शब्द देतो. पण त्या शब्दामागचे बीज प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, तर मातीकडेच वळले पाहिजे.

मातीकडे वळताना प्रथम सावधगिरी शिकविणारे एक स्थळ वर्धा जिल्ह्यातच आहे. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांचा दर्गा आहे. तेथील टेकडीवर फळांसारखे दिसणारे दगडी गोळे विखुरलेले आढळतात. अवलियाची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ व इतर माल त्यांच्या शापाने दगड झाला, अशी आख्यायिका आहे. लोकांच्या श्रद्धेविषयी आम्हांस अनादर नाही. तथापि भूशास्त्रज्ञांनी या गोळ्यांची तपासणी केली असता ते झिओलाइट जातीच्या खनिजांचे गोळे असल्याचे दिसून आले. म्हणजे जे फळासारखे दिसते ते फळ नव्हे. नुसत्या आकारसाम्यावरून निष्कर्ष काढू नये, तोडून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच बोलावे, हा धडा हे गोळे देतात.

आश्चर्य असे की, खरोखर दगड झालेली झाडे याच जिल्ह्यात आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर साचले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी निर्माण झाली, झाडे वाढली, आणि पुढच्या उद्रेकाखाली ती गाडली गेली. या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरचे मिशनरी हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूर परिसरातील असे जीवाश्म गोळा करून त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले. विसाव्या शतकात बिरबल साहनी यांनी या वनस्पतींच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. १९४६ मध्ये लखनौ येथे त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही हे कार्य करीत आहे. वर्धा जिल्ह्यातील नवरगाव परिसराचे अश्मीभूत लाकूड अभ्यासकांना परिचित आहे. शेटे आणि कुलकर्णी या संशोधकांनी १९८० मध्ये या जिल्ह्यातील ताडवर्गीय वृक्षाच्या खोडाचे, १९८२ मध्ये द्विदल वृक्षांच्या लाकडांचे आणि १९८५ मध्ये ताडवर्गीय फळाचे वर्णन प्रसिद्ध केले. आज जेथे कपाशी उभी असते, तेथे एके काळी ताडांची उष्ण, दमट वने होती. आणि त्या वेळी ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील शोध तर याहूनही उद्बोधक आहे. तेथे सापडलेल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींत साचणारे गारेचे सूक्ष्म कण मिळाले. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध होण्यापूर्वी डायनोसॉरांच्या काळात गवते होती, असे फारसे कोणी मानीत नव्हते. २०११ मध्ये त्याच परिसरातील नमुन्यांत भाताच्या कुळाशी संबंधित गवतांचे कण ओळखण्यात आले. पालि ग्रंथांतील ‘सालि’ आणि ‘वीहि’ यांच्या अतिप्राचीन सोयरिकीचा पुरावा असा आमच्याच शेजारच्या मातीतून मिळाला आहे. अर्थात तो मानवी शेतीचा पुरावा नव्हे; भाताची लागवड त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी झाली. ही दोन काळांची गल्लत वाचकांनी होऊ देऊ नये.

मानवी इतिहासाच्या काळाकडे येताना धाम नदीकाठच्या पवनारचा उल्लेख अगत्याचा आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे प्रतिपादन केले. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तेथे उत्खनन केले. वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याचे अनेक ताम्रपट उपलब्ध आहेत. त्यांतील गावांची नावे पाहिली तर अश्वत्थखेटक आणि वटपूरक अशी वृक्षनामे भेटतात. विनयाच्या विवरणात खन्धबीजाची उदाहरणे म्हणून जे दोन वृक्ष येतात, तेच पिंपळ आणि वड येथे गावांची ओळख झालेले दिसतात.

याच राजाच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला ज्या सवलती आहेत, त्यांत एक सवलत अशी आहे की, फिरतीवर येणाऱ्या राजपुरुषांना आसनासाठी कातडी व कोळसा देण्याचे बंधन त्या गावावर राहणार नाही. याचा सरळ अर्थ असा की, इतर गावांवर ते बंधन होते. तो कोळसा कोणी पाडला, कोणत्या जंगलातून लाकूड आणले, कातडी कोणी कमावली, याविषयी ताम्रपट मौन पाळतो. दान देणाऱ्याचे नाव त्यात आहे, घेणाऱ्यांची आहेत, राबणाऱ्याचे नाही.

परंतु कोळसा स्वतः बोलू शकतो. जळालेल्या लाकडाच्या पेशींची रचना शाबूत राहते आणि तीवरून वृक्षाची जात ओळखता येते. जळालेला दाणाही असाच टिकतो. उत्खननातील माती पाण्यात ढवळली असता हलके, करपलेले दाणे वर तरंगतात. ते गाळून वाळविले की चुलीशेजारी सांडलेला घास हाती येतो. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात देव आणि जामखेडकर यांनी महापाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. तेथील आणि भागीमोहारी येथील धान्यावशेषांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे मु. द. काजळे यांनी केला. तांदूळ, गहू, जव आणि कडधान्ये विदर्भातील लोहयुगीन शेतकऱ्याला ज्ञात होती, हे आता केवळ ग्रंथाधारे सांगावे लागत नाही.

परागकणांची साक्ष निराळी असते. बहुतेक परागकण मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढे असतात. पण त्यांचे बाह्य कवच इतके चिवट असते की, तीव्र आम्लांनी माती विरघळविली तरी ते उरते. दाणा एका घराची गोष्ट सांगतो, तर पराग साऱ्या परिसराची. मात्र गवतांचे पराग परस्परांसारखे असल्याने कोणते धान्य होते हे त्यांवरून ठरविणे कठीण असते. शिवाय पराग टिकण्यास हवेपासून सुरक्षित असा ओला गाळ लागतो. वर्ध्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि हवा आत शिरते, म्हणून ती परागांना मानवत नाही. या कारणाने विदर्भातील पर्जन्याचा इतिहास वाचण्यास संशोधक बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराकडे वळले.

लोणारच्या गाळाच्या अभ्यासातून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी मध्य भारतात पाऊसमान दीर्घकाळ क्षीण होते. हे वाचून ‘पाऊस आटला, नगरे ओस पडली आणि विहारही ओसाड झाले’ असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो. आम्हांस हे समीकरण मान्य नाही. अजिंठ्याच्या लेण्यांचे दुसरे वैभवशाली पर्व वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, याच कोरड्या कालखंडात बहरले. पाऊस हे एक कारण असू शकेल. पण राजाश्रय, व्यापार, भूमिदान आणि सामाजिक सत्ता यांना वगळून केवळ ढगांवर दोष ठेवला, तर माणसांचे उत्तरदायित्व पुसले जाते. परिणाम अनेक प्रत्ययांच्या संयोगाने घडतो, ही पटिच्चसमुप्पादाची शिकवण इतिहासकारानेही विसरू नये.

म्हणून आमची अभ्यासकांना, विशेषतः तरुण विद्यार्थ्यांना, विनंती आहे. उत्खननात मूर्ती व नाणी सापडली की आनंद होतो. तो स्वाभाविकच आहे. पण मडक्याच्या तळाशी चिकटलेली माती धुऊन टाकू नये, चुलीतील राख फेकू नये, जुन्या तळ्यांचा गाळ उपसताना त्याचे थर नोंदवून नमुने राखावेत. राजांनी आपली नावे तांब्यावर कोरून घेतली. ज्यांना तांबे परवडले नाही आणि ज्यांना अक्षर शिकू दिले गेले नाही, त्यांच्या श्रमाची नोंद करपलेल्या दाण्यात आणि विझलेल्या कोळशात राहिली आहे. ती वाचण्याची विद्या आज उपलब्ध आहे. ती आत्मसात करणे हे आमचे कर्तव्य होय.