आडनावातलं गाव आणि बाईचं गाव



दारव्हा आपल्या तालुक्याचं ठिकाण. बाजाराला, तहसिलीत, दवाखान्यात आपलं तिथं येणं-जाणं असतं. या गावाचं नाव एका आडनावातही आहे, दारव्हेकर. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल, त्याच्यावरचा सिनेमा तर पुष्कळांनी पाहिला असेल. १९६७ साली रंगभूमीवर आलेलं ते नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलं. त्यांचा जन्म १९२६ सालचा, नागपूरचा. नागपुरात त्यांनी 'रंजन कला मंदिर' ही नाट्यसंस्था उभी केली आणि आकाशवाणीवरही काम केलं. माणूस नागपूरचा, मग आडनावात दारव्हा कसा आला?

आज याच गोष्टीवर बोलायचं आहे. आडनाव कुठून येतं, कुठं जातं, आणि त्यात आपण बाया कुठं असतो.

'कर' लागलेलं आडनाव गावात राहून सहसा पडत नाही. गाव सोडल्यावर पडतं. दारव्ह्यात राहणाऱ्या माणसाला दारव्ह्याचेच लोक 'दारव्हेकर' कशाला म्हणतील? तिथं सगळेच दारव्ह्याचे. गावात माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावानं, धंद्यानं, नाहीतर वाड्यानं. तोच माणूस नोकरीला, शिकायला किंवा पोटापाण्यासाठी दुसरीकडे गेला, की लोक विचारतात, "कुठचे तुम्ही?" तो सांगतो, "दारव्ह्याचा." मग ती ओळख त्याला चिकटते, पोरांना लागते, नातवांना लागते. म्हणजे अशा आडनावात जे गाव असतं, ते बहुतेक वेळा त्या घराण्यानं मागं टाकलेलं गाव असतं.

आता आपलीच बोरी घ्या. बोराच्या झाडावरून पडलेलं हे नाव महाराष्ट्रात कितीतरी गावांना आहे. म्हणून तर ओळख पटावी यासाठी आपल्या बोरीला 'अरब' ही जोड लागते. उद्या पुण्यात कुणी 'बोरीकर' भेटले, तर ते कोणत्या बोरीचे, हे नुसत्या आडनावावरून कळणार नाही. दारव्हेकर भेटले, तर मात्र बोट सरळ दारव्ह्याकडे जातं. आडनाव जितकं विरळ, तितका त्याचा पत्ता पक्का.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्येही पुष्कळ आडनावं गावांच्या नावावरून पडली. तिथं हेन्री गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८९० साली एक पुस्तक काढलं. कोणतं आडनाव कोणत्या भागात किती सापडतं, याचा त्यात हिशेब आहे. हिशेबासाठी त्यांनी मुद्दाम शेतकऱ्यांची नावं घेतली, कारण शेतकरी वावर सोडून सहसा जात नाही. शहरातली माणसं इकडून तिकडे जातात, त्यांच्यावरून मूळ ठिकाण कळत नाही. आज तिकडचे अभ्यासक १८८१ च्या जनगणनेतली नावं नकाशावर मांडतात. एखादं विरळ आडनाव दोन-चार गावांच्या भोवतीच दाटलेलं दिसतं, आणि घराण्याचं मूळ सापडतं.

आपल्याकडे आडनावांचा असा नकाशा बघायचा, तर कोकणातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेण-रोहा या पट्ट्यात, बेने इस्राएल नावाचा ज्यू समाज शेकडो वर्षं राहिला. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते लोक परंपरेनं सांगतात. गावोगाव त्यांचा तेलाचा घाणा असायचा. शनिवारी त्यांच्या धर्मात काम करायचं नाही, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. त्यावरून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. बोली त्यांची मराठीच.

हे लोक खेड्यातून निघून मुंबईला गेले, कुणी फौजेत, कुणी कारागिरीत, कुणी कचेरीत लागले. तेव्हा त्यांनी आपापल्या गावांची नावं सोबत नेली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. अशी शंभराहून जास्त आडनावं या एका लहानशा समाजात आहेत. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधलं गेलं, ते सॅम्युएल दिवेकर नावाच्या लष्करी माणसानं. नाव ज्यू आणि आडनाव पक्कं कोकणी.

पुढं १९४८ साली इस्राएल देश झाला आणि यातली बरीच घरं तिकडं गेली. आज तिथल्या दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा शहरांमध्ये ही मराठी मंडळी आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथं काढलं. कोकणातल्या ज्या खेड्यांत आज एकही ज्यू घर नाही, त्या खेड्याचं नाव दूर देशात एखाद्या दारावर लिहिलेलं सापडतं. आडनाव किती लांबचा प्रवास करतं, ते यावरून कळतं.

याच समाजातल्या एका बाईचं नाव आपल्याला ठाऊक असावं, डॉक्टर जेरुशा झिराड. झिराड हे अलिबागजवळचं गाव. बायकांनी डॉक्टर होणं दुर्मीळ होतं त्या काळात त्या लंडनला जाऊन बाळंतपणाच्या शास्त्रात शिकून आल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. १९६६ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. त्यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे झिराड हे नाव त्यांच्यासोबत शेवटपर्यंत राहिलं. हे मुद्दाम सांगते आहे, का ते पुढं येईलच.

सगळीच आडनावं गावावरून येत नाहीत. आपल्या वऱ्हाडात देशमुख, देशपांडे, पाटील पुष्कळ. ही वतनाची नावं. परगण्याचा महसूल वसूल करायचा तो देशमुख, त्याचा हिशेब ठेवायचा तो देशपांडे, गावाचा कारभार बघायचा तो पाटील. म्हणून दोन गावचे दोन देशमुख एकाच घराण्याचे असतील असं नाही, एकाच जातीचे असतील असंही नाही. काम सारखं म्हणून नाव सारखं. सुतार, लोहार, कुंभार ही धंद्याची नावं. वाघमारे म्हटलं की कुण्या पूर्वजाच्या पराक्रमाची आठवण.

ही नावं पक्की केली ती कागदानं. पूर्वी एका पिढीला एक ओळख आणि दुसऱ्या पिढीला दुसरी, असंही चालायचं. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. पुढं जमिनीची मोजणी झाली, शाळा, कोर्ट, रेल्वे आली, आणि प्रत्येक ठिकाणी रजिस्टर आलं. रजिस्टरात जे एकदा लिहिलं गेलं, तेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बाबासाहेबांचं. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. तिथं रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या कागदातून आलेलं ते आडनाव आज जग ओळखतं.

आता मी म्हटलं त्याकडे या. गाव सोडणाऱ्याला गावाचं नाव लागतं, हा जर नियम, तर गाव सगळ्यात जास्त कुणी सोडलं? पुरुषांमधला एखादा नोकरीला गेला, एखादा फौजेत गेला. बाई मात्र जवळजवळ प्रत्येक घरातून, प्रत्येक पिढीत, लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली. आपल्या बचत गटातल्या दहा जणी मोजा. त्यातल्या किती जणींचा जन्म याच गावचा? कुणी दिग्रसची, कुणी नेरची, कुणी कारंज्याची, कुणी पुसदकडची. एवढा मोठा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या झाला, आणि त्याची खूण एकाही आडनावात उरली नाही. उलट होतं ते आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, काही घरांत तर जन्मनावही बदललं. सासरी तिला 'अमक्या गावची' म्हणून हाक मारतात खरी, पण ती हाक तिच्यापुरतीच. पोरांना ती लागत नाही.

इंग्लंडातही असंच होतं. तिकडं एखादं विरळ आडनाव 'संपलं' असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा घराणं संपलेलं नसतं. त्या घरात फक्त मुली झालेल्या असतात. मुली नांदल्या, त्यांना लेकरं झाली, रक्त पुढं चाललं, आणि नाव तेवढं पुसलं गेलं. १८८२ च्या कायद्याआधी तिथल्या लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायला मोठी अडचण होती. नाव नवऱ्यात मिसळलं, तशी मालमत्ताही मिसळली.

बायांनी मात्र आपल्या गावाचं नाव टाकून दिलं नाही. कागद त्यांच्या हाती नव्हता, जातं होतं. दळताना गायलेल्या ओव्यांमध्ये माहेरची वाट, भावाचं गाव, आईचं घर सारखं येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवी, गाणारीचं नाव आणि तिचं गाव, असं त्यांनी टिपून ठेवलं. पुरुषांचा प्रवास आडनावात राहिला, बायकांचा ओवीत राहिला. जाती बंद पडली आणि तीही वही मिटली.

आता कागद आपल्याही हाती आला आहे, म्हणून ही गोष्ट नुसती इतिहासाची राहत नाही. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. ती रीत आहे. कुणी बदलावं, कुणी ठेवावं, ज्याची त्याची खुशी. पण बदललं तर दोन नावांना जोडणारा कागद हवा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं नाव, बँकेत तिसरंच काही, असं झालं की एकाच बाईच्या तीन बाया होतात. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडिलांच्या वावरावर वारस म्हणून नाव लावायची वेळ येते, तेव्हा पहिला प्रश्न हाच निघतो, ही तीच मुलगी कशावरून? म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला काढून घ्या. दोन नावांमधला पूल तोच.

आणखी एक बदल झाला आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदावर लिहिताना आधी बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं. कागदावर आईचं नाव बापाच्या आधी आलं. आडनाव अजून बहुतेक घरांत बापाचंच आहे, तरी मधल्या जागेत आई आली, ही लहान गोष्ट नाही. घरात, शेजारी या तारखेनंतरचं लेकरू असेल, तर त्याचा जन्मदाखला काढताना आईचं नाव बरोबर लिहिलं का, ते डोळ्यांनी बघा. रजिस्टरात जे पडतं तेच टिकतं, हे आपण आत्ताच पाहिलं.

पुढच्या बैठकीला एक काम करा. गटाच्या वहीत एक पान कोरं सोडा. प्रत्येकीनं आपलं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव लिहायचं. त्याखाली आईचं माहेर, आणि आठवत असेल तर आजीचंही. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारणीनं लिहायचं. म्हाताऱ्या सासूबाईंना आधी विचारा, कारण त्यांच्यासोबत ती गावं जातील. ते पान भरलं की बोरीत कुठकुठल्या वाटा येऊन मिळाल्या, ते कळेल. कोणत्याही आडनावात ते लिहिलेलं नाही, तुम्हालाच लिहावं लागेल.