मंगळवेढ्याचे कोठार आणि बीजभत्त

दुष्काळाचा इतिहास लिहिताना पाऊस किती पडला हे प्रथम सांगण्याचा प्रघात आहे. आमच्या मते त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : कोठारात धान्य असताना ते उघडण्याचा अधिकार कोणाचा होता? सोलापूरच्या सात रस्त्यापासून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या मंगळवेढ्याची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

परंपरा अशी, की पंधराव्या शतकात बहामनी अमलात दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली. बिदरच्या दरबाराने जाब विचारला, तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत भरली. या कथेची ऐतिहासिकता हा वेगळा विषय आहे. येथे एवढेच ध्यानात घ्यावे, की गावाचा भरणा सरकारात पोहोचविणे हे महाराचे वतनी काम होते, म्हणून देवालाही तेच रूप घ्यावे लागले. किंमत महाराच्या हातून चुकती होते. कोठारावर मात्र कथेत त्याचा कोणताही हक्क नाही. याच मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून चोखामेळा इतर मजुरांसह गाडले गेले, असेही परंपरा सांगते.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने झालेला आढळतो. राजा महाविजिताला महायज्ञ करावयाचा आहे आणि राज्यात चोऱ्या-दरोडे माजले आहेत. पुरोहित त्याला सांगतो, की अशा वेळी नवा कर बसविणे अयोग्य होईल, आणि वध-बंधनाने हा उपद्रव समूळ नाहीसा होणार नाही. जे शेती व गोपालन करतात त्यांना बीजभत्त, म्हणजे बी-बियाणे व अन्न द्यावे. व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे. राजसेवेत असणाऱ्यांना अन्न व वेतन द्यावे. येथे दानाची भाषा नाही, उत्पादनाच्या साधनांची आहे. विनयपिटकात वेरंजा येथील दुर्भिक्षाच्या वर्णनात ‘सलाकावुत्ता’ असा शब्द येतो. शलाकेवर, म्हणजे धान्याच्या चिठ्ठीवर जगणे, असा त्याचा एक अर्थ लावतात. रेशनकार्ड पाहिलेल्या वाचकास तो परका वाटू नये.

1876-78 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. व्हाइसरॉयचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांनी 1877 मध्ये दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी बसविली, मद्रासचे डॉ. कॉर्निश यांनी ती श्रमिकास अपुरी असल्याचे दाखवून विरोध केला. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगातून दुष्काळ संहिता आली. कामे काढण्याची शिस्त लागली, परंतु दुष्काळ जाहीर केव्हा करावयाचा हे सरकारच ठरवीत असे.

1972 च्या दुष्काळाने हे चित्र काही अंशी पालटले. सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतात. मे 1973 मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना 1977 मध्ये कायदा झाली आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आली. मागेल त्याला काम, हा प्रथमच कायद्याने दिलेला हक्क होता. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु भूमिहीनांनी बांध घातले ते दुसऱ्याच्या शेतात, आणि त्यांनी खोदलेल्या पाझर तलावांचे पाणी ज्याची विहीर होती त्याच्या विहिरीत गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही उणीव आधीच हेरली होती. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या 1947 च्या मसुद्यात तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग मानला. जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसावयास द्यावी. पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे राज्याने पुरवावे. जमीनदार, कूळ किंवा भूमिहीन मजूर कोणीच राहू नये, अशी ती योजना होती. पुरोहिताच्या बीजभत्तात जमिनीचा उल्लेख नाही, येथे तो आहे. महार वतने 1 ऑगस्ट 1959 रोजी संपुष्टात आली. तरीही 6 डिसेंबर 1964 रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांना सत्याग्रहास उतरावे लागले, आणि तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यांच्या मागण्यांत पडीक सरकारी जमीन कसणाऱ्यास देण्याची मागणी प्रमुख होती.