आणेवारी, अंकपाश व पांडुरंग वासुदेव सुखात्मे

गणिताचा इतिहास लिहितांना ग्रंथांची परंपरा सांगून थांबण्याची रीत पडली आहे. परंतु जी विद्या शेताच्या बांधापर्यंत पोहोंचली, तिचा इतिहास तेथेंही शोधला पाहिजे. म्हणून सातारा जिल्ह्यांत जन्मलेल्या एका गणितज्ञाच्या कार्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं झाला. वाळवें, तासगांव व खानापूर हे तालुकेही तेव्हां साताऱ्यांतच मोडत; १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. हा सारा मुलूख मुंबई इलाख्याच्या महसुली कायद्याखालीं होता. तेथें शेतसाऱ्याची तहकुबी आणेवारीवर अवलंबून असे, आणि पीक किती आणे आलें हें अंमलदार नजरेनें ठरवीत. पीक चार आणे अगर त्याहून कमी असल्यास रयतेस सारा तहकूब मागतां येई. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांतील तंटा याच आंकड्यावरून पेटला. खरा अंदाज कोणाचा, हें निःपक्षपातानें ठरविण्याचें साधन मात्र हातीं नव्हतें.

त्या साधनाचें मूळ मोजणीच्या विद्येंत आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२, इ. स. ११५०) अंकपाशाचें स्वतंत्र प्रकरण आहे, सहा रसांचीं ६३ मिश्रणें होतात, हेंही त्याच ग्रंथांत सांगितलें आहे. तीच रीत शेतांस लावून पाहूं. दहा शेतांतून दोन निवडावयाचीं तर ४५ जोड्या होतात, आणि कोणतेंही एक शेत त्यांपैकीं ९ जोड्यांत येतें. चिठ्ठ्या टाकून सर्व जोड्यांस सारखी संधि दिली, तर प्रत्येक शेताची संभाव्यता एक पंचमांश ठरते. निवडींत कोणाची मर्जी उरत नाहीं. शिवाय अंदाज कितपत चुकूं शकेल, हेंही नमुन्यावरूनच अजमावतां येतें.

सुखात्मे यांनीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतून १९३६ सालीं पीएच. डी. मिळविली. १९३८ सालीं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत आलेला त्यांचा द्विविभाजन-फलांवरील निबंध मोजणीच्याच शाखेंतला होय. १९४० पासून ते शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती कौन्सिलांत संख्याशास्त्रज्ञ होते. तेथें चिठ्ठीनें शेत व शेतांतील तुकडा निवडून पीक कापून तोलण्याची पद्धति त्यांनीं रुजविली.

तुकडा केवढा असावा, यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशीं मतभेद झाला. लहान तुकड्यांनीं उत्पन्न फुगतें, असें सुखात्मे यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’मध्यें मांडलें. कारण उघड आहे. कापणारा कडेचीं झाडें आंत ओढतो. चार फूट बाजूच्या चौरसांत चारी कडांनीं तीन तीन इंच जास्त कापले, तर क्षेत्र १६ चौरस फुटांऐवजीं २०.२५ होतें, म्हणजे शेंकडा २६ हून अधिक वाढतें. चाळीस फूट बाजूच्या चौरसांत तीच चूक शेंकडा अडीच भरते.

यावरून निघणारा निष्कर्ष आम्हांस महत्त्वाचा वाटतो. चिठ्ठी निवडीचा पक्षपात घालविते, मापाचा घालवीत नाहीं. आणि फुगलेल्या मापामुळें चार आण्यांचें पीक पांच आण्यांचें दिसलें, तर त्या एका आण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. पुढें १९५१ ते १९७० पर्यंत सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत जगाची भूक मोजीत होते. त्या मोजणीचा पहिला धडा शेताच्या बांधावरचाच होता.