शिक्षकांचा आमदार कसा ठरतो? नरडाण्याहून विधान परिषदेपर्यंतची वाट

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं नरडाणा बहुतेकांना दोन गोष्टींमुळे माहीत असतं: सुरत-भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्टेशन आणि एमआयडीसी. इथल्या माध्यमिक शाळेत शिकवणारा शिक्षक ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, पंचायत समिती, विधानसभा आणि लोकसभेला मत देतो. त्याशिवाय नाव नोंदवलेलं असेल, तर त्याला आणखी दोन मतं असतात. एक पदवीधर म्हणून आणि एक शिक्षक म्हणून. ही दोन्ही मतं विधान परिषदेच्या आमदारासाठी असतात.

त्याच गावातल्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या गुरुजींना मात्र शिक्षक म्हणून हे मत मिळत नाही. उलट जो माणूस आयुष्यात एकदाही वर्गात उभा राहिला नाही, तो शिक्षकांचा आमदार होऊ शकतो. हे असं का आहे आणि शिक्षणक्षेत्रातून आलेल्या माणसाचं राजकीय करिअर कसं घडतं, ते समजून घेऊ.

आधी रचना

राज्यघटनेच्या कलम १७१ मध्ये विधान परिषद कशी बनवायची ते सांगितलं आहे. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा आहेत. ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. २२ सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, म्हणजे त्यांना नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसारखे लोकप्रतिनिधी निवडतात. ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. राज्यपालांच्या यादीसाठी घटनेने साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा ही क्षेत्रं दिली आहेत. त्यात 'शिक्षण' हा शब्द नाही. शिक्षकांसाठी मात्र वेगळा वाटा ठेवला आहे.

शिक्षकांचे सात मतदारसंघ असे: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. नरडाणा येतं नाशिक विभागात. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा पाच जिल्ह्यांचा हा मतदारसंघ आहे. या जिल्ह्यांत विधानसभेचे ४७ मतदारसंघ आहेत. म्हणजे ४७ आमदारांच्या प्रदेशात शिक्षकांचा आमदार एकच. मतदार मात्र कमी. २०२४ मध्ये अख्ख्या विभागात ते जवळपास ६९ हजार होते. विधानसभेच्या एकाच मतदारसंघात साधारण तीन लाख मतदार असतात, यावरून फरक लक्षात येईल.

मत कोणाला, उमेदवारी कोणाला?

मतदार होण्यासाठी गेल्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं, तेही माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत. म्हणून हायस्कूल, ज्युनिअर कॉलेज, महाविद्यालय, आयटीआयसारख्या संस्थांमधले शिक्षक यादीत येतात आणि प्राथमिक शिक्षक बाहेर राहतात. ते पदवीधर असतील तर पदवीधर मतदारसंघात मत देऊ शकतात, पण शिक्षक म्हणून नाही. खेड्यातल्या मुलाला पहिलं अक्षर शिकवणारा माणूस घटनेच्या या व्याख्येत 'शिक्षक मतदार' ठरत नाही.

उमेदवारासाठी अटी याहून सोप्या आहेत. वय किमान ३० वर्षं आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. शिक्षक असण्याची अट नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तमिळनाडूत पदवीधर मतदारसंघातून निवडून आलेला उमेदवार स्वतः पदवीधर नव्हता. तिथल्या उच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. घटनेने पात्रता मतदारांसाठी सांगितली आहे, उमेदवारासाठी नाही, आणि न्यायालय आपल्या मनाने नवी अट घालू शकत नाही, असा त्याचा अर्थ. हाच न्याय शिक्षकांच्या जागेलाही लागू होतो.

थोडक्यात, ही जागा शिक्षकाची नाही, शिक्षक मतदारांची आहे. पुढचं सगळं राजकारण या एका फरकातून निघतं.

करिअरच्या तीन वाटा

पहिली वाट संघटनेची. शिक्षक संघटनेत काम करायचं, पगार-पेन्शनची प्रकरणं शिक्षणाधिकारी कार्यालयात लावून धरायची, मोर्चे काढायचे, मग उमेदवारी. नागपूरमधून शिक्षक परिषदेचे नागो गाणार दोनदा निवडून आले. २०२३ मध्ये त्यांना हरवणारे सुधाकर अडबालेही विदर्भ माध्यमिक शिक्षक संघातूनच आले होते. पदवीधरांच्या बाजूला सर्वात मोठं उदाहरण अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख. प्राध्यापकांच्या संघटनेतून आलेले देशमुख १९८० ते २०१० अशी सलग ३० वर्षं परिषदेत होते आणि विदर्भाच्या अनुशेषाचा प्रश्न आकडेवारीसह मांडणारे म्हणून ओळखले गेले.

दुसरी वाट विचारांची आणि सार्वजनिक कामाची. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे समाजवादी नेते ग. प्र. प्रधान पुणे पदवीधर मतदारसंघातून निवडून येत १८ वर्षं परिषदेत राहिले आणि तिथे विरोधी पक्षनेतेही झाले. मुंबईत पत्रकार म्हणून ओळख असलेले कपिल पाटील २००६ पासून सलग तीन वेळा शिक्षक मतदारसंघातून जिंकले. म्हणजे पेशाने शिक्षक नसलेला माणूसही शिक्षकांचा विश्वास मिळवू शकतो.

तिसरी वाट संस्थेची, आणि नाशिक विभागात सध्या तिचंच वजन जास्त आहे. २०१२ मध्ये इथून अपूर्व हिरे निवडून आले. मालेगावचं हिरे घराणं राजकारणाइतकंच शिक्षणसंस्थांसाठी ओळखलं जातं. २०१८ मध्ये शिवसेनेचे किशोर दराडे जिंकले. येवल्याच्या दराडे कुटुंबाच्याही शिक्षणसंस्था आहेत. त्याच वर्षी त्यांचे भाऊ नरेंद्र दराडे नाशिकच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून परिषदेत गेले. एकाच घरातले दोघे, दोन वेगळ्या दारांनी.

२०२४ ची निवडणूक काय सांगते?

या निवडणुकीचं मतदान आधी १० जूनला ठरलं होतं. पण तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी. शिक्षक गावी गेलेले असताना शिक्षकांची निवडणूक कशी घेणार, अशी ओरड झाली आणि निवडणूक आयोगाने मतदान २६ जूनवर नेलं.

लढत तिरंगी झाली. शिवसेनेचे (शिंदे गट) किशोर दराडे, ठाकरे गटाचे संदीप गुळवे आणि अपक्ष विवेक कोल्हे. गुळवे नाशिकच्या मराठा विद्या प्रसारक समाज या मोठ्या संस्थेच्या कारभाराशी जोडलेले, तर कोल्हे कोपरगावच्या साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था चालवणाऱ्या घराण्यातले. पक्ष तिघांचे वेगळे, पण संस्थेशी नातं तिघांचंही.

पहिल्या पसंतीच्या मतांत दराडे पुढे होते, पण कोटा पूर्ण झाला नव्हता. त्यामुळे पुढच्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि १ जुलैला सुरू झालेल्या मोजणीनंतर दराडे दुसऱ्यांदा आमदार झाले.

हा कोटा काय असतो? इथे मतदान यंत्रावर होत नाही, कागदी मतपत्रिकेवर होतं. उमेदवाराच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. १ लिहिणं सक्तीचं, बाकीचे ऐच्छिक. वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक जास्त मत म्हणजे कोटा. समजा ६०,००० मतं वैध ठरली, तर कोटा ३०,००१. पहिल्या फेरीत कोणालाच तेवढी मतं नसतील, तर सर्वात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती ज्याची, त्याला ती मतं जातात. म्हणून प्रचारात 'दुसरी पसंती तरी आम्हाला द्या' असं ऐकू येतं. बरोबरची खूण केली किंवा आकड्याऐवजी 'एक' असं अक्षरात लिहिलं, तर मत बाद. शिक्षकांच्या निवडणुकीतही दर वेळी बरीच मतं अशी वाया जातात.

मालक उमेदवार, नोकर मतदार

खासगी अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, पण नेमणूक संस्था करते. विनाअनुदानित शाळेत तर पगारही संस्थेच्या हातात. अशा वेळी संस्थाचालक किंवा त्याचा पाहुणा उमेदवार असेल, तर मतदाराचा मालकच त्याच्याकडे मत मागायला येतो. मतदान गुप्त असतं हे खरं. पण मतदार नोंदणीचा अर्ज शाळेतून जातो, सेवेचा दाखला मुख्याध्यापक देतात आणि एका केंद्रावर मोजकेच मतदार असतात. शिक्षकावर दबाव येईल का, ही शंका कुठल्या एका उमेदवाराबद्दलची नाही. ती या मतदारसंघाच्या रचनेतच आहे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. संस्था चालवणाऱ्याला अनुदान, संचमान्यता, पदभरती या गोष्टी रोजच्या कामातून कळतात, मंत्रालयातली दारं माहीत असतात आणि पाच जिल्ह्यांत फिरण्याइतकी साधनं असतात. एकट्या शिक्षकाला अक्कलकुव्यापासून कर्जतपर्यंत प्रचार करणं परवडत नाही. २०२३ च्या पदवीधर निवडणुकीत हे दिसलं. शिक्षकांच्या प्रश्नांवर काम करून पुढे आलेल्या धुळ्याच्या शुभांगी पाटील यांना महाविकास आघाडीने पाठिंबा दिला, त्यांना ३९ हजारांहून अधिक मतं पडली. पण याच जागेवर वडिलांनी अनेक वर्षं प्रतिनिधित्व केलेले सत्यजित तांबे जवळपास ६९ हजार मतं घेऊन जिंकले.

खानदेशातली आणखी दोन दारं

शिक्षणाशी नातं असलेला प्रत्येक आमदार याच वाटेने जातो असं नाही. रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी विधानसभेतून पुढे आले, राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते.

नरडाण्याहून तापीचा पूल ओलांडला की शिरपूर. तिथल्या अमरीशभाई पटेल यांची ओळख शिक्षणसंस्थांमुळे राज्यभर आहे. नगराध्यक्ष, मग १९९० पासून चार वेळा आमदार, शालेय शिक्षणमंत्री. २००९ मध्ये शिरपूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला. तेव्हा त्यांनी धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषद गाठली. पुढे काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि २०२० च्या पोटनिवडणुकीत तीच जागा पुन्हा जिंकली.

शिक्षक आमदाराच्या हातात काय असतं?

कायदा अडवण्याची ताकद फारशी नाही. साधं विधेयक परिषद जास्तीत जास्त चार महिने लांबवू शकते, अर्थविधेयक तर चौदा दिवसच. पण शिक्षकांचे बहुतेक प्रश्न कायद्याने नाही, शासन निर्णयाने सुटतात किंवा अडकतात. म्हणून तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा आणि अधिकाऱ्यांकडचा पाठपुरावा ही त्यांची खरी अवजारं.

दोन प्रश्न वर्षानुवर्षं या निवडणुका फिरवत आले आहेत. पहिला अनुदानाचा. अनेक शाळा 'कायम विनाअनुदानित' म्हणून मंजूर झाल्या. २००९ मध्ये 'कायम' शब्द निघाला, पण पैसे आले टप्प्याटप्प्याने. आधी २० टक्के, मग ४०, मग ६०. कित्येक शिक्षकांची उमेदीची वर्षं या टक्केवारीच्या वाढीकडे डोळे लावण्यात गेली.

दुसरा पेन्शनचा. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. आणि ज्यांची नेमणूक त्याआधीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, ते मधल्या मध्ये लटकले.

तुमच्यासाठी कामाची माहिती

ही मतदार यादी विधानसभेच्या यादीसारखी कायम नसते. प्रत्येक निवडणुकीआधी ती नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच, असं धरू नका. शिक्षकांसाठी नमुना १९, पदवीधरांसाठी नमुना १८. पात्रता मोजण्याची तारीख १ नोव्हेंबर. पदवीधराला त्या तारखेआधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात.

नाशिक पदवीधरची सध्याची मुदत २०२९ च्या सुरुवातीला संपते, शिक्षक मतदारसंघाची २०३० च्या मध्यात. म्हणजे नावनोंदणीचे महिने अनुक्रमे २०२८ आणि २०२९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतील.

उमेदवार दारात आला की त्याला चार गोष्टी विचारा. तुम्ही शिकवलंय का, की संस्था चालवता? तुमच्या संस्थेत शिक्षकांना नियमाप्रमाणे पगार मिळतो का? मागच्या सहा वर्षांत सभागृहात कोणते प्रश्न मांडले आणि त्यातून कोणता शासन निर्णय निघाला? आणि ज्यांना इथे मतच नाही, त्या प्राथमिक शिक्षकांसाठी तुम्ही काय बोललात?