पेनड्राइव्हचं सोंग

मंडळी, आज पेनड्राइव्ह लावला की उघडतो. विंडोज ९८ मात्र ड्रायव्हरची सीडी मागायचं. सीडी हरवली की आपलीच फाइल आपल्याला दिसायची नाही!

यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं जानेवारी १९९६ मध्ये. इंटेलच्या ज्या मंडळींनी ते घडवलं, त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. खोबणी सगळीकडे एक झाली. पण त्या खोबणीतून बोलायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न उरलाच.

त्यावर काढलेली तोड मला जाम आवडते. नवी भाषा बनवायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. हार्ड डिस्कशी बोलायची 'स्कझी' ही भाषा १९८६ पासून प्रमाणित होती. तिचीच आज्ञा ३१ बाइट्सच्या पाकिटात घालून पाठवायची, मग डेटा जाणार-येणार आणि शेवटी १३ बाइट्सची पोच. थोडक्यात, पेनड्राइव्ह हार्ड डिस्कचं सोंग घेतो! ऑपरेटिंग सिस्टिमला नवा लागतो तो फक्त पाकिटं बांधणारा ड्रायव्हर. विंडोज २००० आणि एमईमध्ये तो २००० साली आला, लिनक्सच्या २.४ कर्नेलमध्ये जानेवारी २००१ ला.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात काही उपकरणं स्वतःची क्षमता एक सेक्टर जास्त सांगतात. मग शेवटचा, नसलेला सेक्टर वाचायला गेलं की गडबड. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांनाही ही खोड होती. लिनक्सच्या सोर्समध्ये अशा 'विचित्र' उपकरणांची एक वेगळी फाइलच आहे: कोणाची खोड काय आणि उतारा काय. चुकले उपकरणवाले, निस्तरलं ड्रायव्हरवाल्यांनी.

कॅमेऱ्यांत आणखी एक मेख होती. डिस्कचं सोंग घेतलं की अख्खं कार्ड पीसीच्या ताब्यात जातं, आणि एकाच कार्डावर दोघं एकदम लिहायला लागले तर फाइल सिस्टिमची वाट लागते. म्हणून पीटीपी आलं. त्यात पीसी सेक्टर मागत नाही, थेट फोटो मागतो. कार्ड कॅमेऱ्याच्याच ताब्यात राहतं. विंडोज एक्सपीने २००१ मध्ये ते आपलंसं केलं. पुढे २०११ मध्ये अँड्रॉइडनेही पीटीपीवरच बेतलेलं एमटीपी धरलं, कारण तेच.

पीटीपीच्या आधी कंपनीगणिक वेगळी भाषा होती. जीफोटोच्या हौशी प्रोग्रामर लोकांनी त्यातल्या कित्येक भाषा स्वतः उलगडल्या, म्हणून लिनक्सवाल्यांना आपले फोटो मिळाले.

तर सांगायचा मुद्दा असा, की स्टँडर्ड म्हणजे नुसती इंजिनिअर लोकांची सोय नव्हे. आपला फोटो आपल्याला मिळायला कोणाच्या सीडीची परवानगी लागू नये, एवढ्यासाठी ते असतं.